उपासाची वजावट

“उपाशी राष्ट्राचं पहिलं कर्तव्य म्हणजे अचूक मागणी,” संचालक मेलाख्रिनोस म्हणाले. वाक्य चांगले होते. खोलीतल्या सगळ्यांनी चेहरे गंभीर केले. एकदोघांनी ते टिपूनही घेतले. मग संचालकांनी हातातली मण्यांची माळ थांबवली, दार नीट लागले आहे ना ते पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “तेव्हा आता प्रत्येकानं आपापला आकडा दुप्पट करून आणा. सिमेंटवाल्यांनी तिप्पट.”

अथेन्समध्ये १९४९ चा फेब्रुवारी चालू होता. मोठे युद्ध संपून चार वर्षे झाली होती. उत्तरेच्या डोंगरांत कम्युनिस्टांशी आपले आपल्यातले युद्ध चालूच होते, आणि आमच्या खात्यात पुढच्या वर्षीच्या परदेशी मदतीचे अंदाजपत्रक चालू होते.

पद्धत सोपी होती. आपण मागायचे आणि मदत वाटणाऱ्या अमेरिकन मिशनने कापायचे. पहिल्या वर्षी खात्याने हवे तेवढेच मागितले. मिशनने निम्मे कापले. दुसऱ्या वर्षी खात्याने दुप्पट मागितले. मिशनमध्ये हुशार माणसे होती, त्यांनी ते ओळखले आणि आणखी कापले. आता वेळ अशी आली होती की मागितलेले सगळे चुकून एकदम मिळाले असते, तर ते उतरवून घ्यायला पिरेअसच्या बंदरात धक्का पुरला नसता. नवा धक्का बांधायचे सिमेंटही त्याच मागणीत होते.

दूध, मांस आणि चीज यांचा तक्ता अनार्गिरोस लेक्काससाहेबांकडे असे. साहेब आपले म्हणायचे म्हणून. खात्यात सगळे त्यांना ‘कीर लेक्कास’ म्हणत, म्हणजे शेजारच्या वाण्याला म्हणतात तसे. माणूस पन्नाशीचा, किडकिडीत, कोटाच्या बाह्यांना काळी कापडी आवरणे घालून बसणारा. युद्धापूर्वी त्यांनी वीस वर्षे इस्पितळांच्या आणि अनाथाश्रमांच्या कोठीचे हिशेब केले होते. तिथे दरवर्षी अंदाजपत्रकाला बसले की पहिले काम एकच असे, ते म्हणजे उपासाची वजावट. बुधवार आणि शुक्रवार उपासाचे. ईस्टरच्या आधीचे सात आठवडे उपासाचे. नाताळाच्या आधीचे चाळीस दिवस आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडाही उपासाचाच. या दिवशी मांस नाही, दूध नाही, अंडे नाही, मासा नाही. ऑक्टोपस चालतो, कारण त्याला रक्त नसते असे ठरले आहे. ऑक्टोपसला कोणी विचारलेले नाही. एकूण वर्षाचे जवळजवळ निम्मे दिवस दूध-मांसातून वजा होत आणि त्यांच्या जागी डाळी आणि ऑलिव्ह चढवले जात.

लेक्कास यांचा हात त्या कामाला इतका बसला होता की या वेळी मागणी एका अनाथाश्रमाची नसून सबंध देशाची आहे, हे हाताला कोणी सांगितले नाही. लोकसंख्या घेतली ती १९४० च्या खानेसुमारीची. त्यानंतर मोजायला कोणाला सवड झाली नव्हती. जर्मनांच्या अमलातल्या पहिल्या भुकेच्या हिवाळ्यात गेलेली माणसे त्या आकड्यात अजून होती आणि त्यांच्या वाट्याचे दूध दरवर्षी मागितले जात असे. संचालकांना ती खानेसुमारी आवडे, कारण ती मोठी होती. लेक्कास यांची मुलगी लेनिओ तीत चार वर्षांची होती.

तर लेक्कास यांनी माणशी दूध काढले, उपास वजा केले, आणि संचालकांच्या हुकमाप्रमाणे आलेला आकडा इमानाने दुप्पट केला. निम्म्याची दुप्पट म्हणजे किती, हे कोणालाही करता येईल. अख्ख्या खात्यात त्यांनी एकट्याने, काहीही मनात नसताना, देशाला हवे होते त्याच्या आसपासच मागितले.

तक्ते टंकलिखित झाले, त्यांचा इंग्रजी तर्जुमा झाला, शिक्के बसले आणि गठ्ठे मिशनकडे गेले.

पुढच्या मंगळवारी टंकलेखिका एव्हान्थिया लेक्कास यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. एव्हान्थिया चाळिशीची, अविवाहित, स्मिर्नाहून आलेल्या निर्वासितांपैकी. लहानपणी अमेरिकन लोकांच्या अनाथाश्रमात वाढल्यामुळे तिला इंग्रजी येत असे आणि खात्यात कशाचेच आश्चर्य वाटत नसे.

“कीर लेक्कास, आत बोलावलंय. तिकडून फोन आला होता.”

“तिकडून म्हणजे कुठून?”

“तिकडून म्हणजे तिकडूनच. दूध-मांसाचा तक्ता ज्यानं केला त्याला शुक्रवारी सकाळी पाठवून द्या म्हणाले.”

“आणखी काय म्हणाले?”

“आणखी काही नाही. आभार मानले.”

“आभार मानले?”

लेक्कास यांनी दौतीचे झाकण लावले. गेल्या शरद ऋतूत सिमेंटच्या टेबलावरच्या माणसाला असेच गोड शब्दांत ‘जरा येऊन जाता का’ म्हणून निष्ठा-समितीने बोलावले होते. त्याच्या जागी आता एक कुंडी होती. त्या दिवसांत सरकारी नोकराला पोलिसांचा दाखला लागे की हा माणूस आणि याचे घरचे निरोगी विचारांचे आहेत. दाखला नसेल तर नोकरी नाही, आणि नोकरी का नाही असे कोणी विचारायला लागले तर मग हद्दपारीच्या बेटावर जाणारी बोट. बेटे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

संचालकांच्या टेबलावर तक्ता पसरलेला होता.

“बसा, लेक्कास. नाही, उभेच राहा, लवकर आटपेल. हे काय आहे?”

“दूध, साहेब.”

“ते दिसतंय मला. एवढंच?”

लेक्कास यांनी तक्त्याकडे वाकून पाहिले. तेवढेच होते.

“मिशननं स्वतःचा म्हणून एक आकडा काढून ठेवलाय. मला आतून कळलंय, कसं ते विचारू नका. त्यांचा आकडा तुमच्यापेक्षा जास्त आहे.” संचालक थांबले. “जग निर्माण झाल्यापासून असं झालेलं नाही, लेक्कास. देणारा जास्त म्हणतोय आणि मागणारा कमी. कसं झालं हे?”

लेक्कास यांना तोवर खरोखरच कळले नव्हते. मग कळले.

“उपास वजा केले, साहेब.”

“कुणी सांगितलं होतं?”

“चर्चनं.”

“नावं घेऊ नका.”

संचालक उठून खिडकीशी गेले आणि तिथून परत आले. ते दुष्ट नव्हते. त्यांना लग्नाच्या तीन मुली होत्या आणि त्यांची माळ मघापासून फिरायची थांबली होती.

“दूध कमी आलं तर काय होईल?”

“लोक उपाशी राहतील.”

“उपाशी लोक कुठं जातात?”

उत्तर संचालकांनीच दिले.

“डोंगरात जातात. आणि डोंगरात कोण आहे? मग तुमच्या या तक्त्याचा फायदा कुणाला?”

दुधापासून डोंगरापर्यंत संचालक तीन ढांगांत पोचले होते आणि लेक्कास यांना त्यातली एकही ढांग चुकीची म्हणता येईना. वर भीती अशी की हे इतके सरळ आहे, तर ते दुसऱ्याही कोणाला सुचले असणार.

“साहेब, मी सांगतो ना त्यांना, चूक झाली म्हणून.”

“चूक झाली म्हणालात तर ते बाकीचे तक्ते उघडतील. बरोबर आहे म्हणालात तरी बाकीचे तक्ते उघडतील. बाकीचे तक्ते उघडायचे नाहीत, लेक्कास.”

“मग?”

“मग तुम्ही. दुसरं काय राहतं?” संचालक हे अगदी प्रेमाने म्हणाले. “शुक्रवारी जाताना खिशात ताजा दाखला असू द्या. जुना चालायचा नाही. ताजा असला तर मी म्हणेन, माणूस आपला आहे, जरा बावळट आहे. नसला तर मी काहीच म्हणणार नाही.”

लेक्कास आपल्या जागेवर परत आले तेव्हा कोळशाची शेगडी कोणीतरी त्यांच्यापासून दोन हात पलीकडे सरकवली होती. शेजारचा लोकरवाला, जो रोज त्यांच्याकडून काडी मागून सिगरेट पेटवी, तो खिसे चाचपत उठला आणि पार पोलादाच्या टेबलापर्यंत काडी मागायला गेला. खात्याला काही सांगावे लागत नसे.

“तोंड पुसा,” एव्हान्थिया यंत्रावरून नजर न काढता म्हणाली. “घाबरलेला माणूस लांबून ओळखू येतो. मी स्मिर्नाच्या धक्क्यावर पाहिलंय. सगळे घाबरलेले होते, तरी तुर्की शिपायांनी अगदी बरोबर घाबरलेलेच उचलले.”

“मग मी काय करू?”

“कंटाळल्यासारखं तोंड करा. सरकारी माणसाला ते शोभतं.”

लेक्कास यांनी प्रयत्न केला. पोट बिघडल्यासारखे दिसू लागले.

*

बुधवारी सकाळी ते पोलीस चौकीत गेले. बाकावर त्यांच्या आधी एक ट्रामचा कंडक्टर, एक सुईण आणि कबरस्तानाचा माळी बसले होते. माळ्यालाही दाखला लागे. कोणी कोणाशी बोलत नव्हते. आतल्या खोलीचे दार उघडले की चौघेही एकदम उठत आणि आपले नाव नाही असे पाहून एकदम बसत.

सार्जंट जाड होता, सर्दीने बेजार होता, आणि सकाळपासून इतक्या लोकांच्या विचारांत डोकावून कंटाळला होता.

“जुना दाखला आहे की तुमच्याकडे. ताजा कशाला?”

“दुधाचं काम आहे,” लेक्कास म्हणाले, आणि त्यांना लगेच वाटले की हे बोलायला नको होते. म्हणून ते आणखी बोलले. उपासाचे सगळे सांगून टाकले.

सार्जंटने नाक शिंकरले. “तुम्ही स्वतः पाळता उपास?”

“पाळतो.”

“बुधवारसुद्धा?”

“हो. आज तेलही नाही.”

“मग तुम्हाला भ्यायचं कारण काय? लाल माणूस उपास करत नाही. तो उपोषण करतो. फरक ध्यानात येतोय का? उपास करणारा आपला. उपोषण करणारा त्यांचा.”

नुसताच उपाशी राहतो तो कोणाचा, हे विचारायचा लेक्कास यांना धीर झाला नाही. पण मंगळवारपासून पहिल्यांदाच छातीतले काहीतरी जरा सैल झाले. सार्जंटने दौत पुढे ओढली, कपाटातून एक फाईल काढली, ती उघडली आणि दौत पुन्हा मागे सारली.

“बायकोचा भाऊ. थ्रासोस. तंबाखूच्या कारखान्यातला. संपात पुढे होता. आता बेटावर.”

“आमचं येणंजाणं नाही.”

“बेटावर कुणाचंच नसतं. हे तुम्ही म्हणताय. बाई काय म्हणतात?”

“ती काही म्हणत नाही.”

“तेच तर. म्हणायला पाहिजे.” सार्जंटने रुमालाची घडी घातली. “पेपरात. असा असा माझा भाऊ, त्याच्या विचारांशी माझा संबंध नाही, मी त्याला आपला मानत नाही. तीन ओळींत होतं. उद्या दुपारच्या आत दिलं की शुक्रवारी सकाळी छापून येतं. पेपर घेऊन या, दाखला घेऊन जा. चौकी लवकर उघडते.”

कुठल्या ट्रामने जायचे ते सांगावे, तसे त्याने हे सांगितले. दारातून बाहेर पडताना लेक्कास यांनी त्याचे आभारही मानले.

*

त्या संध्याकाळी मारिगोने नवऱ्यापुढे बिनतेलाची मसूर ठेवली आणि स्वतःला पावाबरोबर चीजचा तुकडा घेतला. भुकेच्या हिवाळ्यानंतर तिने उपास सोडले होते, आणि लेक्कास यांनी त्याच हिवाळ्यानंतर ते अधिक कडक केले होते. याबद्दल दोघांचे कधी बोलणे झाले नव्हते. एकाच टेबलावर दोन प्रकारचे जेवण असे, इतकेच.

“सगळ्या देशाचे उपास तू वजा केलेस?” ऐकून घेतल्यावर मारिगो म्हणाली.

“पद्धतच आहे तशी.”

“कुणाची पद्धत, अनार्गिरोस? या गल्लीत आता बुधवार कोण पाळतं? तू आणि खालचा पाद्री. आणि पाद्रीसुद्धा पडदा ओढून जेवायला बसतो.”

“माझ्या लक्षात नाही आलं.”

“तो हिवाळाभर आपण सगळ्यांनी उपास केला. तो मांडलास कुठं? जमेच्या बाजूला?”

लेक्कास यांनी मसूर ढवळली. त्या हिवाळ्यात लेनिओ दूध मागायची. मग मागेनाशी झाली. तिचे नाव या घरात घेतले जात नसे. भिंतीवर फोटो होता, तो पुसला जाई.

“दाखला देतायत ना?” मारिगोने विचारले.

“देतील.”

“मग तुझा चेहरा असा का?”

त्याच वेळी जिन्यात पावले वाजली. जड बूट. दोघांचे चमचे जिथल्या तिथे राहिले. पावले त्यांच्या मजल्यावर आली, थांबली. कोणीतरी श्वास घेतला, आणि पावले वर गेली. वरच्या मजल्यावरचा गॅस कंपनीचा माणूस होता, तो रोजच याच सुमाराला घरी येई. तो वर जाऊन दार लागल्याचा आवाज येईपर्यंत दोघांपैकी कोणी घास गिळला नाही, आणि नंतर कोणी दुसऱ्याकडे पाहिले नाही.

“थ्रासोसचं काही आहे का?” मारिगो म्हणाली.

लेक्कास यांनी दिवसभर एक वाक्य तयार केले होते. असू दे, मारिगो, मी सांगतो त्यांना, नाही जमायचं, गेली नोकरी तर जाऊ दे. चांगले वाक्य होते. ट्राममध्ये त्यांनी ते दोनदा मनातल्या मनात म्हणून पाहिले होते. आता ते तोंडात आले आणि मसुरीबरोबर परत खाली गेले.

“पेपरात छापायचं म्हणतात,” ते म्हणाले.

“किती ओळी?”

“तीनात होतं म्हणाला.”

मारिगोने चीजचा उरलेला तुकडा कागदात गुंडाळून ठेवला. “थ्रासोसनं तुला तुझ्या लग्नात आपले बूट दिले होते,” ती म्हणाली. तक्रार नव्हती. आठवले म्हणून म्हणाली, आणि भांडी उचलायला लागली.

गुरुवारी ती चांगला कोट घालून वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. लेक्कास खात्यात होते. त्यांना यायला नको असे तिनेच सांगितले होते. खिडकीमागच्या कारकुनाकडे मजकूर तयार असे, फक्त नावे घालायची. पुढे उभी असलेली बाई मुलाला नाकारून गेली. तिच्या रुमालाचा वास अजून खिडकीपाशी होता, लॅव्हेंडरचा.

“कोण?” कारकुनाने विचारले.

“भाऊ.”

त्याने मजकूर वाचून दाखवला. मारिगोने तो पुन्हा वाचायला लावला.

“यात ‘माझा भाऊ’ असं लिहिलंय, ते तसंच राहतं ना?”

“राहतं की. ते काढलं तर कुणाला नाकारलं ते कळणार कसं?”

“मग बरं,” मारिगो म्हणाली, आणि सही केली.

*

शुक्रवारी सकाळी लेक्कास यांनी चौकीबाहेरच्या दुकानातून पेपर घेतला, उघडला नाही, तसाच घडीचा सार्जंटपुढे ठेवला. सार्जंटने पान शोधले, ओठ हलवत वाचले आणि दाखल्यावर शिक्का मारला. त्याची सर्दी आज बरी होती.

मिशनच्या इमारतीच्या दारात एव्हान्थिया दुभाषी म्हणून वाट पाहत उभी होती. आत भिंतींतूनच ऊब येत होती. लेक्कास यांना घाम फुटला, आणि घाम फुटलेला दिसेल या भीतीने आणखी फुटला.

“दाखला कुठल्या खिशात आहे?” तिने विचारले.

“डाव्या.”

“मग हात तिथून काढा. पिस्तूल असल्यासारखं वाटतं.”

मिशनचे अधिकारी मिस्टर डनवुडी वयाने लेक्कास यांच्या निम्मे असतील. लाल कान, आखूड केस, शर्टाच्या बाह्या वर. ते उठून उभे राहिले, त्यांनी हात पुढे केला आणि खुर्ची दाखवली. हे सगळे वाईट लक्षण होते. टेबलावर तक्ता होता. एका आकड्याभोवती निळ्या पेन्सिलीने गोल केलेला होता. लेक्कास यांना फक्त तो गोल दिसत होता.

मिस्टर डनवुडींनी पेन्सिल गोलावर ठेवून काहीतरी विचारले. थोडेसेच होते.

“ते विचारतायत,” एव्हान्थिया म्हणाली, “हे टन कुठले? इंग्रजांचे मोठे, त्यांचे लहान, की आपले मेट्रिक?”

लेक्कास यांना प्रश्न ऐकू आला, पण तो आत शिरला नाही. आत दुसरेच तयार होते आणि ते बाहेर पडले. ते उभे राहिले. त्यांनी सांगितले की उपास वजा केले ते आपण एकट्याने केले, खात्याचा संबंध नाही. वीस वर्षे अनाथाश्रमांत तशीच पद्धत होती. आता कोणी उपास पाळत नाही हे आपल्याला बायकोकडून कळले. आपण डोंगराकडे कधी पाहिलेही नाही. मेहुण्याला आजच्या पेपरात नाकारलेले आहे, पान चौथे. आणि दाखला ताजा आहे. त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला.

मिस्टर डनवुडींनी नम्रपणे एव्हान्थियाकडे पाहिले.

एव्हान्थियाने एक शब्द सांगितला. “मेट्रिक.”

मिस्टर डनवुडींनी गोलाजवळ एक अक्षर लिहिले, समाधानाने मान हलवली आणि दाखल्याकडे बोट दाखवून विचारले. हे आपण ठेवून घ्यायचे का?

“नको म्हणा,” एव्हान्थिया आपल्या भाषेत स्वतःशीच म्हणाली, मग तेच इंग्रजीत त्यांना सांगितले, आणि दाखल्याची घडी करून तो लेक्कास यांच्या खिशात घातला. मिस्टर डनवुडी उठताना आणखी एक वाक्य बोलले आणि मोकळे हसले. तीही नम्रपणे हसली.

रस्त्यावर आल्यावर लेक्कास एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले.

“शेवटी काय म्हणाले ते?”

“काही नाही हो. जायचं म्हणाले.”

“हसले ते कशाला?”

एव्हान्थियाने हातमोजे घातले. दोन्ही. मग म्हणाली, “म्हणाले, हे टन-बिन फायलीपुरतं. एकूण किती द्यायचं ते त्यांच्याकडं गेल्या शरदातच ठरलंय. आपल्याकडून तक्ते मागवायच्या आधी.”

“म्हणजे आपले तक्ते?”

“फाईल पुरी लागते त्यांना. व्यवस्थित लोक आहेत.”

लेक्कास यांनी पायरीवर हात टेकला. समोरून ट्राम गेली. खिडकीतला एक माणूस पेपर वाचत होता, चौथे पान बाहेरच्या बाजूला.

“आत मी जे बोललो,” ते म्हणाले, “ते तुम्ही सगळं...”

“मी इंग्रजी लहान मुलांत शिकले, कीर लेक्कास. मोठे शब्द मला येत नाहीत. उठा, दगड गार आहे.”

खात्यात संचालकांनी दार न लावता सगळे ऐकून घेतले. “मेट्रिक,” ते म्हणाले. “मी म्हटलंच होतं, काही नसेल.” त्यांची माळ पुन्हा फिरू लागली. दुपारपर्यंत शेगडी जागेवर आली आणि लोकरवाल्याने काडी मागितली. दाखला लेक्कास यांनी खणात ठेवला. तो कोणी कधी पाहायला मागितला नाही.

महिनाअखेरीला मारिगो टपालात पार्सल घेऊन गेली. थ्रासोससाठी दर महिन्याला एक जाई. लोकरीचे मोजे, सुके अंजीर, सिगरेटी. खिडकीवरच्या माणसाने नाव वाचले, मग मागे भिंतीला लावलेली यादी वाचली आणि पार्सल तिच्याकडे परत सरकवले.

“बाई, तुमचं तिथं कुणी नाही. पेपरात आलंय.”

“माझा भाऊ आहे, असंही त्यातच आलंय.”

“ते आधीचं. पुढचं वाचा.”

मारिगोने वाद घातला नाही. मागे रांग होती. तिने पार्सल घरी आणले आणि दोरी न सोडता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. लेक्कास संध्याकाळी आले, त्यांनी ते पाहिले आणि टोपी काढून उभे राहिले. मारिगो म्हणाली, “बस. जेवून घे.” बुधवार होता. तिने दोघांनाही मसूरच वाढली होती, बिनतेलाची.

जुलैत मदतीची पहिली बोट पिरेअसला लागली. तीत अंड्यांची भुकटी होती. ती कोणीच मागितली नव्हती.